हातानं शिवलेली भेट आणि परतफेडीचा हिशेब



 आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं होतं, मी सीमेवरचे अनुभव सांगेन. मी म्हटलं, मला गोधडीवर बोलायचं आहे. फोनवर दोन क्षण शांतता पसरली. मग ते म्हणाले, "सर, गोधडी म्हणजे कुठल्या मोहिमेचं नाव का?"

मोहिमेचं नाही. आपली अंगावर घ्यायची गोधडी. काही भागांत तिला वाकळ म्हणतात.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी तीस वर्षं सैन्यात होतो. निवृत्तीनंतर सिकंदराबादला स्थायिक झालो. गेली सात वर्षं आम्ही वीस-बावीस जण वर्षातून दोनदा एकमेकांना हातानं शिवलेली वस्तू भेट पाठवतो. कुणी दुपटं पाठवतं, कुणी बटवा, कुणी उशीचा अभ्रा, कुणी पोथीचं बासन. आमच्यात शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत, बँकेतले एक गृहस्थ आहेत, बेंगळुरूचा एक संगणकवाला मुलगा आहे, आणि मी. निम्म्या लोकांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही. तरी त्यांचा टाका मी ओळखतो.

आधी एक शंका मिटवून टाकतो, कारण ती तुमच्या चेहऱ्यावर दिसते आहे. फौजी माणूस आणि सुई?

मंडळी, सुई मला फौजेनंच हातात दिली. प्रशिक्षणाच्या काळात सामानात एक छोटी कापडी गुंडाळी असायची. तिचं नाव 'हाउसवाइफ'. आत सुया, दोरा आणि जादा बटणं. तुटलेलं बटण स्वतः लावायचं. 'दर्जीकडे दिलंय' हे उत्तर परेडच्या मैदानावर चालत नसे. पुढे युनिटमध्ये आमचे दर्जी होते. त्यांच्याकडून मी काजं करायला आणि आतून न दिसणारी तुरपाई घालायला शिकलो.

आणि हे काही आमच्यापासून सुरू झालेलं नाही. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली इंकरमनच्या लढाईत, थॉमस वॉकर नावाचा एक इंग्रज शिपाई डोक्याला जखमी झाला. रुग्णालयातल्या खाटेवर बसून तो तुकडे जोडून रजई शिवतो आहे, असं त्याचं १८५६ सालचं चित्र लंडनच्या शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाच्या संग्रहात आहे. त्या काळात शिपाई गणवेशाच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे जोडून रजया करायचे. दारू आणि जुगारापासून लांब राहावेत म्हणून त्यांना या कामाचं उत्तेजनही मिळायचं. पहिल्या महायुद्धात अर्नेस्ट थेसिगर या नटाच्या हाताला दुखापत झाली होती. युद्ध संपता संपता, १९१८ मध्ये, अपंग सैनिकांना भरतकामातून रोजगार देणारी एक संस्था इंग्लंडमध्ये उभी राहिली आणि त्यात त्यानं पुढाकार घेतला. तेव्हा सुई बाईची आणि बंदूक पुरुषाची, ही वाटणी कुणी केली असेल ती करो. लष्करानं तरी ती पाळलेली नाही.

आता आमची अदलाबदल कशी चालते ते सांगतो.

जूनच्या आरंभी आणि डिसेंबरच्या आरंभी चिठ्ठ्या टाकतो. ज्याच्या नावाची चिठ्ठी मला आली, त्याच्यासाठी मी शिवायचं. माझ्या नावाची चिठ्ठी तिसऱ्याच कुणाला गेलेली असते. म्हणजे मी ज्याला देतो त्याच्याकडून मला येत नाही. हा नियम फार महत्त्वाचा आहे, त्याचं कारण पुढे सांगेन. मुदत दहा आठवड्यांची. कापडाचा मोठा भाग घरातला, वापरलेला, सुती. नवीन कापड घेतलंच तर आधी धुवून, वाळवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात नवीन तुकडा आटतो, जुना आटत नाही आणि सगळी गोधडी चुण्या घेते. लाल आणि काळ्या कापडाचा रंग आधी पाण्यात तपासायचा. सोबत एक हस्तलिखित पत्र पाहिजे. त्यात कुठला तुकडा कशाचा, ते लिहायचं. किंमत कुणी सांगायची नाही, कुणी विचारायची नाही.

आणि एक नियम माझा, फौजी. दोन जण दरवेळी 'राखीव' राहतात. त्यांनी एकेक वस्तू तयार ठेवायची. कुणी आजारी पडलं, कुणाचं पार्सल हरवलं, तर ज्याला काहीच आलं नाही त्याला राखीव वस्तू जाते. चूक कुणाची, ही चौकशी होत नाही. सात वर्षांत एकही माणूस रिकाम्या हातानं राहिलेला नाही.

माझे एक मित्र मला म्हणाले, "अरे, चाळीस संध्याकाळी खपून जे शिवलं ते अनोळखी माणसाला देऊन टाकायचं, आणि बदल्यात काय येईल ते माहीत नाही. यात मिळतं काय?"

प्रश्न योग्य आहे. उत्तर देण्यासाठी आपण आपल्याच घरात डोकावू.

आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. तिनं पुरणपोळ्या पाठवल्या, मी साखर पाठवली. हिशेब जुळला का? नाही जुळला. तो जुळू नये म्हणूनच ती साखर असते. हिशेब पूर्ण झाला की येणं-जाणं संपतं. दुकानात पैसे दिले, पुडी घेतली, विषय संपला. शेजारात विषय संपवायचा नसतो. द्रौपदीनं कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली आणि भर सभेत तिला न संपणारं वस्त्र मिळालं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वजनकाटा लावून ही गोष्ट सांगता येत नाही.

शिवणाच्या भेटीची आपली सगळ्यात जुनी रीत म्हणजे बाळंतविडा. आजीच्या, मावशीच्या, आत्याच्या मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी, झबली, कुंची. नवीन कापड बाळाच्या अंगाला टोचतं, दहा-पंधरा वर्षं धुतलेलं टोचत नाही. बिहारमध्ये मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसरा आणि आसपासच्या गावांत हीच रीत 'सुजनी' नावानं आहे. जुन्या साड्यांचे थर एकत्र करायचे, बारीक धावदोरा घालायचा आणि नवजात बाळाला त्यात गुंडाळायचं. तिथे चितिरिया मा, म्हणजे चिंध्यांची देवी, मानतात. विटलेले, फाटलेले तुकडे एकत्र आले की त्यांना संरक्षण देण्याची ताकद येते, अशी त्यामागची श्रद्धा. सुजनीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या निर्मलादेवींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. गावातल्या बायकांनी बाळासाठी केलेलं काम राष्ट्रपती भवनापर्यंत गेलं.

आपल्या आणखी जवळचं उदाहरण बेळगावच्या खाली, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात आहे. तिथे सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यातून गुलामगिरी झुगारून अनेक जण घाटाच्या जंगलात आले. त्यांची बोली कोकणी वळणाची, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या बायका मोजपट्टी वापरत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेनं फिरत मध्याकडे येतात. शेवटी चार कोपऱ्यांना कापडाच्या घडीची त्रिकोणी 'फुलं' लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडी, नागडी दिसते, असं त्या म्हणतात. या कवंद्या मुलांसाठी, नातवंडांसाठी होतात. फुलांनी ऊब वाढत नाही, तरी ती असतात. कारण देणारीला काम नुसतं संपवायचं नसतं, सजवून हातात द्यायचं असतं.

आणि कांथा. बंगालचा कांथा बहुतेकांनी साडीवर पाहिला असेल. मूळचा कांथा जुन्या साड्या-धोतरांचा. भरायचा दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातून काढायचा. पांघरायचा तो 'लेप', आरसा-कंगवा ठेवायचा तो 'आरशीलता', आणि पुस्तकं गुंडाळायचा तो 'बायतन'. आपलं पोथीचं बासन तेच. कोलकात्याजवळ जोका इथे गुरुसदय संग्रहालय आहे. तिथल्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या बाईंनी आपल्या वडिलांसाठी केलेला कांथा आहे. स्वतःच्या हातानं केल्याचं त्यांनी त्यावर दोऱ्यानंच लिहून ठेवलं आहे. त्या काळी बाईचं नाव कुठल्या कागदावर आलं असतं? वडिलांना दिलेल्या भेटीवर ते आलं आणि टिकलं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण अदलाबदल करताना खरे प्रश्न येतात. दोन सांगतो.

पहिला प्रश्न नीटनेटकेपणाचा. बडोद्याच्या एक काकू आमच्यात आहेत, वय सत्त्याहत्तर. त्यांना कंपवात आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बेंगळुरूच्या त्या मुलाला एक लहान गोधडी पाठवली. सुरुवातीच्या ओळी सरळ, मग ओळी वाकत गेलेल्या, शेवटच्या कोपऱ्यात टाके बोटभर लांब. आमच्यातलेच एक जण त्याला म्हणाले, "ते टाके पायात अडकून उसवतील. उसवून मशीनची टीप मारून घे, टिकेल तरी." सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. लांब टाका अडकतो आणि ओढला जातो.

मुलानं शहाणपणा केला. त्यानं काकूंनाच लिहिलं, "शेवटच्या कोपऱ्यात टाके मोठे झालेत. टिकावेत म्हणून काय करू?" त्यांचं चार पानी उत्तर आलं. त्या कोपऱ्यात त्यांच्या यजमानांच्या सदऱ्याचा तुकडा होता. तो शेवटी ठेवला होता आणि तोवर हात दमला होता. त्यांनी लिहिलं, "उसवू नकोस. माझ्या टाक्यांच्या मधून तुझे टाके घाल. दोघांचे दिसू देत."

त्याला धावदोरासुद्धा धड येत नव्हता. त्या कोपऱ्यासाठी तो शिकला. निळ्या दोऱ्यानं त्यानं काकूंच्या पांढऱ्या टाक्यांमधून टाके घातले. मागच्या वर्षी मी बेंगळुरूला गेलो तेव्हा ती गोधडी पाहिली. कोपरा पक्का आहे. घरी आलेल्या भेटवस्तूवर आपला हक्क किती, या प्रश्नाला आमच्या गटात तेव्हापासून एक उत्तर आहे: दुरुस्ती करायची ती विचारून, आणि देणाऱ्याचा हात पुसून टाकायचा नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे. तो अजून पूर्ण सुटलेला नाही.

कोलकात्याच्या आमच्या एका ताईंच्या ओळखीनं बीरभूम जिल्ह्यातल्या एक बाई गटात आल्या. त्यांचं पोट कांथ्यावर चालतं. व्यापारी कापड देतो, त्यावर नक्षी उमटवून देतो, त्या भरून देतात. काम असं की आमचे सगळ्यांचे टाके त्यांच्यापुढे बालवाडीचे. सगळ्यांना वाटलं, व्वा, आता चिठ्ठी आपल्याला यावी. आणि त्याच क्षणी मला वाटलं, इथे काहीतरी बरोबर नाही.

त्या स्वतःच बोलल्या. सरळ हिंदीत. "साहेब, तुमचा हा फावल्या वेळेचा उद्योग, माझी ही मजुरी. मी दहा दिवस तुमच्यासाठी भरलं तर दहा दिवसांची मजुरी गेली. आणि तुम्ही पैसे दिलेत तर मी तुमच्यातली राहिले नाही, तुमची कारागीर झाले."

यावर बरीच चर्चा झाली. एक मत, त्यांना गटात घेऊच नये, ते अन्यायाचं होईल. दुसरं मत, गुपचूप पैसे पाठवावेत. त्याला मी विरोध केला. गुपचूप पैसे म्हणजे त्यांना न सांगता त्यांची जागा बदलणं. शेवटी मार्ग त्यांनीच काढला. त्या म्हणाल्या, "मी वर्षानुवर्षं व्यापाऱ्याची नक्षी भरते. माझ्या मनची नक्षी भरून कितीतरी वर्षं झाली. मी लहान काम करीन, जुन्या कापडावर, माझ्या मनाचं. दोन वर्षांतून एकदा. आणि मला येणारी वस्तू शोभेची नको, कामाची पाहिजे."

त्या फेरीत त्यांच्या नावाची चिठ्ठी मला आली. मी त्यांच्यासाठी काम बांधून न्यायची एक गुंडाळी शिवली. आपल्या 'हाउसवाइफ'चाच मोठा भाऊ म्हणा. दोऱ्यांच्या लडींना बारा कप्पे, सुयांसाठी लोकरी पट्टी, कात्रीला जाड कापडाचं म्यान, म्हणजे टोक बाहेर येत नाही. त्यांनी केलेला छोटा बायतन तंजावरच्या एका भगिनींना गेला. त्यावर कमळ नव्हतं, मोर नव्हता. त्यांच्या अंगणातला हातपंप होता, आणि त्याच्याशेजारी एक बकरी.

त्यानंतर आम्ही एक नियम लिहून ठेवला. गटातल्या कारागिराकडून कुणाला विकत काही हवं असेल तर वेगळं बोलायचं, त्या सांगतील ती पूर्ण किंमत द्यायची, घासाघीस करायची नाही. आणि अदलाबदलीत त्यांच्याकडून अमुक मोठं हवं, तमुक बारीक हवं, अशी फर्माईश करायची नाही. एवढ्यानं प्रश्न संपतो, असं माझं म्हणणं नाही. आम्ही ज्याला छंद म्हणतो त्याच कामाचा कुणाला तरी अपुरा मोबदला मिळतो, ही गोष्ट गोड पत्रांनी झाकता येत नाही. पण निदान आता आम्हाला ती दिसते. कांथ्याची साडी 'महाग आहे हो' असं म्हणताना आमच्यातल्या प्रत्येकाची जीभ जरा अडखळते. कारण अशा एका फुटभर कापडाला किती संध्याकाळी लागतात, हे आता आमच्या बोटांना ठाऊक आहे.

मघाशी एका नियमाचं कारण राहिलं होतं. मी ज्याला देतो त्याच्याकडून मला का येत नाही? समोरासमोर अदलाबदल झाली की माणूस तुलना करतो. मी गोधडी दिली, त्यानं रुमाल दिला. मनात काटा बसतो. साखळीत दिलं की तुलनेला जागा राहत नाही. माझी गोधडी ग्वाल्हेरला गेली, मला रुमाल हैदराबादहून आला. तक्रार करणार कुणाकडे? आणि बडोद्याच्या काकूंना देणारा माणूस काकूंकडून काही येईल या आशेनं देत नाही. ज्याचा हात आज कापतो आहे त्याला ही साखळी सांभाळून घेते.

आता मी फौजी आहे, तर एक उदाहरण दिल्याशिवाय थांबणार नाही. १९४२ साली जपान्यांनी सिंगापूर घेतलं. नागरिक कैद्यांना चांगीच्या तुरुंगात ठेवलं. बायका-मुलं एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मध्ये भिंत. निरोपाला बंदी. कोण जिवंत आहे तेही कळेना. कैदेतल्या एथेल मलवनी नावाच्या कॅनडाच्या बाईंनी युक्ती काढली. प्रत्येकीनं कापडाच्या एका चौकोनावर आपलं काहीतरी भरायचं आणि नाव टाकायचं. फुलं, नकाशे, घरं, जे मनात असेल ते. असे सहासष्ट-सहासष्ट चौकोन जोडून तीन रजया झाल्या. त्यांतली एक जखमी जपानी सैनिकांसाठी होती. ती भेट दिली म्हणून बाकीच्या दोन पुरुषांच्या रुग्णालयाकडे जाऊ शकल्या. भिंतीपलीकडच्या नवऱ्यांनी चौकोनावरची नावं वाचली. आपली माणसं जिवंत आहेत, हा निरोप पोचला. त्यांतल्या दोन रजया आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाच्या संग्रहात आहेत आणि एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे.

मी सैन्यात संदेशवहनाची बरीच साधनं पाहिली. सुई-दोऱ्यानं पाठवलेला आणि शत्रूच्या हातून पोचता केलेला याहून चांगला संदेश मला माहीत नाही.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाला सुरुवात करायची असेल, तर चार गोष्टी सांगून संपवतो. पाच-सहा जणच जमवा, मोठा गट नको. पहिल्या फेरीत लहान वस्तू ठरवा: चष्म्याचं घर, बासन, बटवा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. त्याला मेण लावा. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवा. आणि पत्र लिहायला विसरू नका. कापड कुणाचं होतं, ते कोणत्या घरात, कुणाच्या अंगावर विरलं, एवढं दोन ओळींत लिहा. वस्तू झिजेल, पत्र कपाटात राहील.

पुरुषांना विशेष सांगणं. निवृत्तीनंतर दिवस फार लांब होतो. वर्तमानपत्र नऊ वाजता संपतं. घरात एखादी जुनी सुती चादर असेलच. तिच्यापासून सुरुवात करा. सुईत दोरा ओवता येत नसेल तर नातवंडाला हाक मारा. ते येईल, बसेल आणि "आजोबा, हे कुणासाठी?" असं विचारेल. तेव्हा ज्या गावी तुम्ही कधी गेला नाही तिथल्या माणसाचं नाव सांगा.